प्लेगचा हिशेब

इतिहासाचा मास्तर प्लेगविषयी बोलू लागला म्हणजे पुढे काय येणार हे श्रोत्यांस बहुधा ठाऊक असते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांस या रोगाचा पहिला रोगी आढळला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यास रँडसाहेबांच्या अमलात गोरे सोजीर लोकांच्या माजघरापर्यंत शिरले. १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगास बळी पडल्या. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या पिस्तुलांचे बार निघाले. हा धडा मीही वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. तो खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. त्याच वर्षांत, त्याच प्लेगच्या छायेत, मुंबईच्या तुरुंगांत आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात काही गोष्टी अशा घडल्या की, आज जगभरच्या विद्यापीठांतून साथरोगशास्त्र म्हणून जी विद्या शिकवितात तिचे काही पायाचे दगड त्यांत सापडावेत. त्या गोष्टी मी कधी शिकविल्या नाहीत, कारण त्या मला ठाऊकच नव्हत्या. ती चूक आज या भाषणात थोडीबहुत दुरुस्त करावी असा विचार आहे.

ती ध्यानात आणून दिली माझ्याच एका विद्यार्थिनीने. आमच्या कळंब्याच्या शाळेत ती मजजवळ बेरीज-वजाबाकी शिकली. पुढे डॉक्टर झाली आणि आता साथरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करीत आहे. सुटीत घरी आली असता भेटावयास आली आणि आपली वही पुढे करून म्हणाली, "गुरुजी, हे उदाहरण सोडवा पाहू. तुमच्या त्रैराशिकाने सुटते." मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तरास पदव्युत्तर वर्गाचे उदाहरण सुटावे याचा मला प्रथम आनंद झाला. उत्तर काढल्यावर मात्र तो फार वेळ टिकला नाही. तो का टिकला नाही, हे पुढे येईलच.

साथरोगशास्त्राचे मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते. एका रोग्याकडे पाहून रोगाचे कारण कळत नाही. पुष्कळ माणसांचे दोन गट करून त्यांची तुलना केली म्हणजे ते कळू लागते. वैद्य नाडी पाहतो, साथरोगशास्त्रज्ञ गाव पाहतो. परंतु तुलना करणे वाटते तितके सोपे नाही. लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने १८५४ च्या पटकीच्या साथीत जे केले ते या बाबतीत प्रसिद्ध आहे. लंडनच्या दक्षिण भागात दोन कंपन्या एकाच रस्त्यावरील घरांना पाणी पुरवीत. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले थेम्स नदीचे पाणी देई, दुसरी वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी. घरे तीच, हवा तीच, श्रीमंत-गरीब दोन्हींकडे सारखे. फरक काय तो नळाचा. पहिल्या सात आठवड्यांत घाणेरड्या पाण्याच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, स्वच्छ पाण्याच्या दर दहा हजार घरांमागे ३७. ज्या कळंब्याच्या तलावाचे पाणी कोल्हापूर शहरास पिढ्यान्‌पिढ्या गेले, त्याच्या काठी राहणाऱ्या मला तरी या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

स्नोला ही तुलना आयती मिळाली होती. मुंबईत ती मुद्दाम करावी लागली.

वाल्देमार हाफकिन हा ओडेसा शहरात जन्मलेला यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला तो पटकीची लस घेऊन. प्लेग सुरू होताच सरकारने त्यास मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा खोलीत तीन महिने खपून त्याने प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, तो उतरला. परंतु एक माणूस वाचला याने काहीच सिद्ध होत नाही. लस न घेताही मुंबईतील बहुसंख्य लोक वाचतच होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस तेथील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली. ते जवळजवळ निम्मे होते. पुढील आठवडाभर दोन्ही गटांवर नजर ठेवली. लस न घेतलेल्यांत कितीतरी अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील काही दगावली. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. आमच्या कळंब्यासही मोठा तुरुंग आहे, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच्याच भिंती उभ्या राहिल्या. तुरुंग ही अशा तुलनेस सोयीची जागा होय. सर्वांचे अन्न एक, झोपण्याची जागा एक, कोणी बाहेर जात नाही, कोणी आत येत नाही.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की, झाले, लस सिद्ध झाली. मलाही तसेच वाटले. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, जे आपण होऊन लस घ्यावयास पुढे आले ते इतरांसारखेच होते कशावरून? धीट, धडधाकट, आरोग्याची काळजी घेणारा मनुष्यच पुढे येतो. अशक्त मागे राहतो. मग जो फरक दिसला तो लशीचा की माणसांचा? दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. ज्यांना टोचल्याच दिवशी ताप भरला त्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला असणार, म्हणून त्यांना लस घेतलेल्यांच्या हिशेबातून वगळले. वगळणे रास्त वाटते. परंतु त्याच दिवशी न टोचलेल्यांपैकी जे आजारी पडले असतील, त्यांनाही त्याच न्यायाने वगळावयास नको काय? एका पारड्यातून दगड काढावा आणि दुसऱ्यात तसाच ठेवावा, असे झाले तर तराजू खोटा ठरतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या हिशेबावर आजही वर्गात वाद होतो, असे तिने सांगितले. मुले खोटे उत्तर लिहितात तेव्हा बहुधा बेरीज चुकलेली नसते, मांडणी चुकलेली असते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तोच येथे पदव्युत्तर वर्गात भेटला.

हाफकिनलाही पहिली उणीव जाणवली असावी. १ जानेवारी १८९८ रोजी मुंबईच्याच उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला असता त्याने निराळी रीत योजिली. कैद्यांना रांगेने बसविले आणि एक सोडून एक अशी लस टोचली. धीट कोण, भित्रा कोण, अशक्त कोण, हा प्रश्नच उरला नाही. ज्याच्या वाट्यास जी जागा आली तिने ते ठरविले. पुढे हिशेब झाला तो असा: लस न टोचलेल्या १२७ जणांत १० आजारी, त्यांपैकी ६ मृत, टोचलेल्या १४७ जणांत ३ आजारी, मृत एकही नाही. म्हणजे न टोचलेल्यांत दर शेकडा सुमारे आठ, टोचलेल्यांत सुमारे दोन. रोगाचा धोका चौथाईवर आला. योहानेस फिबिगर या डॅनिश डॉक्टराने एक दिवसाआड आलेल्या रोग्यांस घटसर्पाचे औषध देऊन केलेली तुलना १८९८ मध्येच प्रसिद्ध झाली, आणि तिचा उल्लेख या शास्त्राच्या इतिहासात आवर्जून होतो. उमरखाडीचा उल्लेख आपल्याकडेही कोणी करीत नाही. एकाआड एक घेण्याच्या रीतीतही थोडी फट राहतेच. पुढचा कोण हे टोचणाऱ्यास आधी कळते. ती फट बुजविण्यासाठी १९४८ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यदृच्छेच्या आकड्यांनी गट पाडले, आणि तीच रीत आज सर्वत्र प्रमाण मानतात.

आता त्या उदाहरणाकडे येतो. बडोदे संस्थानात उंधेरा नावाचे खेडे होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असता हाफकिन तेथे गेला. तुरुंगातील कैद्यांची गोष्ट खेड्यातील मोकळ्या माणसांस लागू पडेल काय, असा आक्षेप घेता येत होता. म्हणून येथे त्याने प्रत्येक कुटुंबाचेच दोन भाग केले. वय, लिंग आणि प्रकृती शक्य तो सारखी पाहून घरातील निम्म्या माणसांस लस टोचली, निम्म्यांस टोचली नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी अधिकारी घरोघर जाऊन मोजदाद करून आले. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत हेच कोष्टक होते. लस न टोचलेले ६४, त्यांपैकी आजारी २७, मृत २६. टोचलेले ७१, त्यांपैकी आजारी ८, मृत ३.

मी त्रैराशिक मांडले. न टोचलेल्यांत दर शेकडा बेचाळीस आजारी, टोचलेल्यांत दर शेकडा अकरा. पुन्हा चौथाई. मुंबईचा तुरुंग आणि गुजरातचे खेडे, माणसे निराळी, हवा निराळी, आणि तरी प्रमाण एकच. मृत्यूंचा हिशेब केला तर धोका दशांशावर आला. "बरोबर, गुरुजी," ती म्हणाली. मला फार समाधान वाटले. मग माझी दृष्टी पुन्हा त्या २६ या आकड्यावर गेली.

हे सव्वीस लोक त्याच घरांतले होते. लस त्यांच्या दारापर्यंत आली होती. घरातील एकास ती मिळाली, दुसऱ्यास मिळाली नाही. कोणाची आई राहिली, कोणाचे मूल राहिले, हे कोष्टक सांगत नाही. कोष्टकाचे ते कामही नव्हे. हाफकिनला निर्दय म्हणता येणार नाही, कारण लस लागू पडते की नाही याची खात्री तेव्हा कोणासच नव्हती, आणि ती खात्री दुसऱ्या कोणत्या मार्गाने लवकर झाली असती असेही दिसत नाही. तरीही उंधेऱ्याच्या त्या सव्वीस जणांचे ऋण आपणांवर आहे एवढे तरी मान्य केले पाहिजे. त्यांची संमती कोणी कशी घेतली असेल, आणि तुरुंगातील कैद्याच्या संमतीस संमती म्हणावे काय, हा प्रश्न आज प्रत्येक चाचणीच्या आधी समित्या बसवून विचारला जातो. त्या वेळी तो कोणी विचारला नाही. "वर्गात आम्ही या आकड्यांवर पुष्कळ बोलतो," माझी विद्यार्थिनी म्हणाली, "या माणसांवर फार थोडे."

आकड्यांनी लोकांचा विश्वास आपोआप बसत नाही, हेही त्या काळाने दाखविले. १८९८ मध्ये हुबळीस हजारो लोकांनी लस टोचून घेतली. तेथे ती घेण्यास लोक राजी झाले होते. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली असता एका बाटलीतील लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. पुढे असे निष्पन्न झाले की बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीरपणे बाजू घेतली तेव्हा १९०७ मध्ये हाफकिनची मुक्तता झाली. तोवर पाच वर्षे गेली होती, आणि लोकांच्या मनातील भीती कोणत्याही निकालपत्राने पुसली जात नसते. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

दुसरा अध्याय उंदरांचा आहे, आणि तो सांगताना मला माझ्या आजीची आठवण होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानातही प्लेगने वारंवार धुमाकूळ घातला. आजी त्या काळी लहान मुलगी होती. ती सांगे की, घरात उंदीर पडला की वडीलधारी माणसे दुसरा विचार करीत नसत; भांडीकुंडी आणि गुरे घेऊन गाव माळावर जाई, झोपड्या बांधी, आणि गावात उंदीर पडावयाचे थांबल्यावाचून परत येत नसे. तिला जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती; आधी उंदीर, मग माणूस, हा क्रम मात्र पक्का ठाऊक होता.

विद्वानांस तो पटावयास वेळ लागला. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने १८९८ च्या जूनमध्ये कराचीस प्रयोग करून, उंदरांवरील पिसू हाच रोग वाहून नेते असे दाखविले. परंतु एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली त्याच सुमारास बसलेल्या प्लेग कमिशनने त्यास महत्त्व दिले नाही. रोग मुख्यतः माणसे आणि कपडेलत्ते यांतून पसरतो असे त्यांचे मत पडले. १९०५ पासून मुंबईस नवीन मंडळी कामास लागली तेव्हा कोडे सुटले. प्लेगच्या घरांत त्यांनी गिनिपिग ठेवले. एका पिंजऱ्यास पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी लावली, दुसरा उघडा ठेवला. एक जमिनीवर ठेवला, दुसरा दोन फूट उंच टांगला. पिसू जेथे पोहोचू शकत होती तेथेच गिनिपिग मेले. शिवाय शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांतून त्यांनी रोज मेलेले उंदीर आणि आजारी पडलेली माणसे यांची नोंद ठेविली. उंदरांची साथ आधी, माणसांची त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी. माझ्या आजीचे गाव जो दंडक पाळीत होते त्यास या नोंदींनी दिवसांचे माप लावून दिले. म्हणून सारे जुनेच खरे, असे मला म्हणावयाचे नाही. जुन्या समजुतींतील पुष्कळशा खोट्याच ठरल्या. कोणती खरी आणि कोणती खोटी हे मोजल्यावाचून कळत नाही, एवढाच मुद्दा आहे.

तिसरा अध्याय गणिताचा, आणि तो मुंबईत सुरू होऊन एडिंबरोस संपतो. मॅकेंड्रिक हा हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेला डॉक्टर आणि केरमॅक हा प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ मध्ये दृष्टी गमावलेला रसायनशास्त्रज्ञ, अशा दोघांनी १९२७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोकसंख्येचे तीन भाग कल्पावे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे होऊन अथवा मरून जे त्यातून सुटले ते. पहिल्या भागातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने जातात हे समीकरणाने मांडले म्हणजे साथ चढते कशी, उतरते कशी, आणि सर्वांस रोग होण्याच्या आधीच थांबते का, हे निघते. आपले सूत्र खऱ्या साथीशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी घेतले ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगचे आठवड्यावारी मृत्यू. सूत्राची वक्ररेषा सतराव्या आठवड्यास सुमारे ८९० मृत्यूंवर शिखर गाठते, आणि खऱ्या मृत्यूंचे ठिपके तिच्या अगदी जवळून जातात. माझ्या विद्यार्थिनीच्या पाठ्यपुस्तकात ती आकृती आहे. हिमालयाचे चित्र वाटावे अशी ती सुबक रेषा म्हणजे चाळीचाळींतून निघालेल्या तिरड्या होत, हे मात्र तिच्याखाली लिहिलेले नाही.

आणि गंमत अशी की, रेषा जुळली तरी विचार पुरता जुळत नाही. सूत्रात रोग माणसाकडून माणसाकडे जातो. मुंबईत तो उंदरांतून पिसूंमार्फत येत होता, आणि दरवर्षी ठराविक ऋतूत चढून उन्हाळा सरता सरता उतरत होता. निकोलास बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये हाच आक्षेप सविस्तर मांडला. उत्तर पुस्तकाच्या उत्तराशी जुळले तरी रीत चुकीची असू शकते, असे मी मुलांस नेहमी सांगत असे आणि रीतीला गुण राखून ठेवीत असे. हा नियम इतक्या मोठ्या निबंधास लागू पडेल असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते. तरी तो निबंध टाकाऊ नव्हे. त्याच तीन भागांची मांडणी आजचे सारे साथीचे गणित वापरते.

२०२० च्या मार्चमध्ये नवी साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. घरोघर रोज आलेख पाहिले जाऊ लागले. लस निघाली तेव्हा तीही हजारोंच्या गटांवर, निम्म्यांस खरी आणि निम्म्यांस नुसते पाणी अथवा तत्सम काही टोचून पारखण्यात आली. या खेपेस माणसांस आधी विचारले होते, आणि कोणास काय मिळाले हे टोचून घेणाऱ्यास ठाऊक नव्हते. उमरखाडी आणि उंधेरा येथून येथवर यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

निघताना मी त्या मुलीस विचारले, "इतके शिकून तू पुढे करणार काय?" ती म्हणाली, "गुरुजी, मोजणार. पण मोजण्याआधी त्यांना विचारणार." आमच्या वेळी शाळेत हे शिकवावयास हवे होते. चाफेकरांचा धडा मी पुन्हा शिकविला असता तर तो तसाच शिकविला असता, त्यातील एक अक्षर गाळले नसते. परंतु फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर उंधेऱ्याचे कोष्टक मांडले असते, मुलांकडून त्रैराशिक करवून घेतले असते, आणि उत्तर आल्यावर फळा लगेच पुसू दिला नसता.